टूर्निकेट बांधण्याचा सराव कसा करावा : नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हातापायाला खोल जखम होण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामातला कोयता, गोठ्यातले कडबा कुट्टी यंत्र, गुऱ्हाळावरचा चरक, शेतातला रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र, औद्योगिक वसाहतींतील प्रेस आणि पत्रा कापणारी यंत्रे, आणि या सगळ्यांच्या जोडीला खंबाटकी घाटापासून पेठ नाक्यापुढे जाणारा महामार्ग, एवढी यादी पुरेशी आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीतील मुख्य धमनी तुटली तर जीव जायला काही मिनिटे पुरतात, आणि महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तेवढ्या वेळात उसाच्या फडापर्यंत पोहोचत नाही. ती येईपर्यंत रक्त थांबवण्याचे काम जवळ उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो आणि आमच्या कारखान्याच्या प्रथमोपचार पथकात आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी लागे आणि ती प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावी लागे. त्या निमित्ताने मी टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हाताला किंवा पायाला बांधून दांडीने पिळून आवळायचा पट्टा, बांधायला शिकलो आणि आता नव्याने येणाऱ्यांकडून त्याचा सराव करून घेतो. शिकणाऱ्यांचे हात पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. टूर्निकेट फसतो तो बहुधा दांडी पिळण्यात नाही. दांडीला हात लावण्यापूर्वी पट्ट्यातला ढिलेपणा पुरता काढलेला नसतो, तिथे तो फसतो. खालचे सर्व टप्पे याच एका गोष्टीभोवती रचलेले आहेत. मात्र हा लेख प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स यांसारख्या संस्थांचा प्रथमोपचार वर्ग एकदा तरी करावा आणि हा लेख त्यापूर्वीच्या तयारीसाठी व त्यानंतरच्या उजळणीसाठी वापरावा.

१. टूर्निकेट केव्हा बांधायचा आणि केव्हा मुळीच बांधायचा नाही, हे आधी पाठ करा

टूर्निकेट फक्त हाताला किंवा पायाला बांधला जातो, आणि तोही जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावासाठीच. तशा रक्तस्रावाची खूण अशी की रक्त चिळकांड्या उडवत बाहेर येते, किंवा अखंड वाहून जमिनीवर थारोळे साचते, किंवा जखमेवर दाबलेले कापड बघता बघता भिजून निथळू लागते. हात अथवा पाय तुटून वेगळा झाला असेल, किंवा जखमी माणूस असंबद्ध बोलू लागला असेल आणि त्याचे अंग गार पडत असेल, तर विचार करत बसण्याची वेळ उरलेली नसते. अशा वेळी टूर्निकेट लगेच बांधावा. एरवी पहिला उपाय थेट दाबाचा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, कोपरे ताठ ठेवून, अंगाचा भार देत दाबून धरावे. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून ‘थांबले का’ म्हणून पाहण्याची सवय अनेकांना असते. त्या उचलण्यानेच रक्त पुन्हा सुरू होते. दाबाने रक्त थांबत असेल तर टूर्निकेटची गरज नाही.

डोके, मान, छाती आणि पोट येथे टूर्निकेटचा उपयोग नाही. मानेभोवती तर तो कधीही गुंडाळू नये. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर तिच्या वर पट्टा बसायला जागाच नसते. तेथे गॉजची लांब पट्टी बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरावी लागते आणि वरून जोराने दाबून ठेवावी लागते. हे कौशल्य वेगळे आहे, त्याचा सरावही वेगळा करावा.

आता आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा इशारा. सर्पदंशाला टूर्निकेट बांधायचा नाही. उसात, भातखाचरात किंवा वैरणीच्या गंजीत साप चावला की दंशाच्या वर दोरी आवळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि टूर्निकेट शिकलेला माणूस तीच रीत अधिक चांगल्या साधनाने पार पाडण्याचा धोका असतो. घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागेचे मांस सडवते. वरून बंध आवळला की ते एकाच ठिकाणी कोंडते आणि हात किंवा पाय गमावण्याची शक्यता वाढते. नाग किंवा मण्यार चावल्यावर बांधलेला बंध रुग्णालयात एकदम सोडला, तर साठलेले विष अंगभर पसरून श्वास बंद पडू शकतो. साप चावल्यास माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव फळीला किंवा काठीला हलकेच बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. चिरा देणे आणि तोंडाने विष ओढणे हेही तितकेच घातक आहे.

एक भीतीही येथेच दूर करतो. ‘टूर्निकेट बांधला की पाय कापावा लागतो’ असे ठामपणे सांगणारे जुने जाणते गावोगावी भेटतात. गुडघ्याच्या किंवा हाताच्या कित्येक शस्त्रक्रियांत हवेने फुगणारा टूर्निकेट दीड-दोन तास बांधून ठेवलेला असतो आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो. सुमारे दोन तासांपर्यंतचा बंध सामान्यतः सुरक्षित मानला जातो. पुढे धोका वाढत जातो. उलट बाजूने पाहायचे तर, २००६ मध्ये बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात आलेल्या जखमींच्या अभ्यासात, रक्तदाब कोसळण्यापूर्वी ज्यांना टूर्निकेट बांधला गेला होता त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के वाचले, आणि कोसळल्यानंतर बांधलेल्यांपैकी सुमारे १० टक्केच. उशीर हाच खरा शत्रू आहे.

२. साहित्य जमवा

- दांडीचे दोन टूर्निकेट, एक केवळ सरावासाठी आणि एक केवळ प्रसंगासाठी. सरावाच्या पट्ट्यावर रंगीत चिकटपट्टी लावून ‘सराव’ असे ठळक लिहावे.
- वेळ लिहिण्यासाठी न पुसणारे मार्कर पेन.
- सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा मोबाइल.
- कपडे कापण्यासाठी बोथट टोकाची मजबूत कात्री.
- गॉजच्या पट्ट्या, रबरी हातमोजे.
- साधारण हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप, त्याभोवती गुंडाळायला जुन्या गादीचा फोम किंवा गोधडी, आणि त्यावर चढवायला जुन्या पँटचा पाय.
- साबणाचे पाणी. हे कशाला, ते पुढे येईल.

खरेदीत दोन सापळे आहेत. पहिला साधा आहे. मिरज हे वैद्यकीय सेवेचे मोठे केंद्र असले तरी तेथील औषधाच्या दुकानात नुसते ‘टूर्निकेट’ म्हटले, तर रक्त तपासणीच्या वेळी दंडाला बांधतात तो इलॅस्टिकचा पट्टा हातात मिळण्याची शक्यता मोठी आहे. तो शीर फुगवण्यासाठी असतो. धमनी बंद करण्याचे बळ त्यात नसते. दुसरा सापळा अधिक गंभीर आहे. लष्करी वापरातून प्रसिद्ध झालेल्या ‘कॅट’ या टूर्निकेटच्या हुबेहूब नकला ऑनलाइन बाजारात ढिगाने आहेत. खऱ्याची अमेरिकेतील किंमत ३० डॉलरच्या आसपास असते. तेव्हा तेच चित्र दाखवून कोणी तीन-चारशे रुपयांत देत असेल तर शंका घ्यावी. नकली पट्ट्याची दांडी पिळ देताना वाकते, टाके उसवतात, वेल्क्रो ताण आला की सुटतो. नक्कल चुकून घरी आलीच असेल तर तिच्यावर केवळ क्रम पाठ करावा, पण पेटीत ती ठेवू नये. पेटीतला पट्टा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

३. साधन हातात घेऊन त्याचे भाग ओळखा

दांडीचे टूर्निकेट अनेक नमुन्यांचे असतात, पण रचना सारखीच. सुमारे ३.८ सेंटिमीटर रुंदीचा बाहेरचा पट्टा, त्याला अडकवणारे बक्कल, पट्ट्याच्या आत सरकणारी एक चपटी फीत, त्या फितीला पीळ देणारी दांडी, दांडी अडकवण्याची खाच आणि खाचेवरून जाणारी वेळ लिहायची छोटी पांढरी पट्टी. गाडीत भरलेला कडब्याचा भारा आवळताना दोरीत काठी घालून पीळ देतात, तेच तत्त्व येथे आहे. आणि भारा आवळणाऱ्याला जे ठाऊक असते तेच येथेही खरे, की दोरी आधीच सैल असेल तर काठी नुसती फिरत राहते आणि भारा सैलच राहतो.

फ्रेंच शल्यचिकित्सक झाँ-लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूने आवळण्याचे साधन तयार केले, तेव्हापासून ‘आधी पट्टा, मग पेच’ हा क्रम बदललेला नाही.

४. पाइपवर सराव : क्रम पक्का करा

पहिले काही दिवस माणसाच्या अंगाला हात लावू नका. फोम गुंडाळलेल्या पाइपवर पँटचा पाय चढवून तो टेबलाच्या कडेला घट्ट बांधा आणि पुढील क्रम सावकाश, मोठ्याने बोलत करा.

पट्ट्याचा फास पाइपवरून वर चढवा. जखम कल्पून तिच्यापासून हृदयाच्या दिशेला पाच ते आठ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चार बोटे, अंतर ठेवा. त्या जागी कोपर किंवा गुडघा येत असेल तर सांध्यावर न बांधता त्याच्या वर जा. जखम नेमकी कोठे आहे हे कपड्यांमुळे किंवा अंधारामुळे कळत नसेल, तर दंडाच्या किंवा मांडीच्या शक्य तितक्या वरच्या भागात बांधा. कोपराखाली आणि गुडघ्याखाली दोन हाडे असल्यामुळे तेथे टूर्निकेट चालत नाही, असा एक समज प्रचलित आहे; तो खरा नाही.

यानंतरची कृती या लेखाचा गाभा आहे. पट्ट्याचे मोकळे टोक बक्कलातून पूर्ण ताकदीने ओढा. एका हाताने बक्कल जागेवर धरून दुसऱ्या हाताने टोक आपल्याकडे ओढले तर ताण चांगला येतो. नुसते वरच्या दिशेने उचकले तर पट्टा वर येतो आणि खालच्या बाजूला पोकळी राहते. ओढून झाल्यावर पट्ट्याखाली तीन बोटांची टोके घालून पाहा. ती आत शिरत असतील तर पट्टा सैल आहे, पुन्हा ओढा. मगच टोक वेल्क्रोवर गोल फिरवून चिकटवा, मात्र दांडीच्या खाचेच्या अलीकडे थांबा. खाच वेल्क्रोखाली झाकली गेली तर दांडी अडकवायला जागा राहत नाही, आणि ही चूक घाईत फार वेळा होते.

आता दांडी फिरवा. पट्टा नीट ओढलेला असेल तर अर्ध्या अर्ध्या फेऱ्याच्या साधारण तीन वळणांत दांडी जड होते. चार-पाच वळणे होऊनही ती हलकीच फिरत असेल तर पुढे पिळू नका. सोडा, पट्टा पुन्हा ओढा आणि नव्याने सुरू करा. तशीच पिळत राहिलात तर आतली फीत गाठाळते, कातडी चिमटली जाते आणि रक्त मात्र वाहतच राहते. दांडी खाचेत अडकवा, पट्ट्याचे उरलेले टोक खाचेवरून न्या, पांढरी पट्टी त्यावर लावा आणि वेळ लिहा.

हे सर्व न अडखळता जमू लागले की घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास येईपर्यंत सराव करा. पण घड्याळाकडे पाहताना पट्ट्यातला ढिलेपणा काढण्याची पायरी आपोआप आखडती होते, हे लक्षात ठेवा. चाळीस सेकंदांचा घट्ट टूर्निकेट वीस सेकंदांच्या सैल टूर्निकेटपेक्षा कितीही चांगला.

५. स्वतःच्या हातापायावर सराव

एकट्याने शेतात काम करताना अपघात झाला तर दुसऱ्याची मदत मिळेलच असे नाही, म्हणून स्वतःला एका हाताने टूर्निकेट बांधता आला पाहिजे. फास आधीच मोठा करून ठेवलेला असेल तरच तो हातातून वर चढतो. म्हणून घडी घालताना फास उघडा ठेवावा. उजव्या दंडाला डाव्या हाताने आणि डाव्याला उजव्या हाताने, दोन्ही बाजू करून पाहा. एका हाताने ओढताना बक्कल धरायला दुसरा हात नसतो, तेव्हा दंड बरगड्यांवर किंवा भिंतीवर दाबून पट्टा जागेवर रोखावा. मांडीसाठी फास पायातून चढवण्यापेक्षा टोक बक्कलातून काढून, पट्टा मांडीखालून घालून पुन्हा ओवणे अनेकदा सोपे जाते. ट्रॅक्टरखाली किंवा यंत्रात अडकलेल्या अवयवाला असेच बांधावे लागते.

सरावात दांडी पूर्ण आवळू नका. पट्टा घट्ट ओढून दांडीचे अर्धे वळण दिले की क्रम पूर्ण झाला असे समजून लगेच सोडा. पूर्ण आवळल्यावर नाडी जाते का, हे पाहणे प्रशिक्षकासमोरच करावे, तेही काही सेकंदांसाठी आणि लागलीच सोडून.

६. जोडीदारावर सराव

आमच्याकडे एक नियम काटेकोरपणे पाळला जातो. ज्याला बांधले जात आहे त्याने ‘सोडा’ म्हटले की वाक्य पूर्ण होण्याची वाट न पाहता दांडी सोडायची. थट्टामस्करीत ‘अजून थोडं सोस की’ म्हणणाऱ्याला त्या दिवसाच्या सरावातून बाजूला बसवावे.

पुढील व्यक्तींना सरावात टूर्निकेट बांधू नये: ज्यांना पायात रक्ताची गुठळी झालेली आहे किंवा पूर्वी झाली होती, ज्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, ज्यांना मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांच्या हातात डायलिसिसची फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे, ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, आणि गर्भवती स्त्रिया. हे सर्वांसमोर विचारले तर कोणी खरे सांगत नाही. बाजूला घेऊन विचारावे. लहान मुलांवर सराव करू नये.

जोडीदारावर शिकण्यासारखी मुख्य गोष्ट नाडी शोधण्याची आहे. हाताला टूर्निकेट बांधायचा असेल तर मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला, पायाला बांधायचा असेल तर पावलाच्या पाठीवर किंवा आतल्या घोट्याच्या मागे नाडी चाचपावी. पायाची नाडी नवशिक्याला लवकर सापडत नाही. तिच्यासाठी वेगळा वेळ काढा आणि सापडली की पेनाने खूण करून ठेवा. प्रत्यक्ष प्रसंगी टूर्निकेट पुरेसा घट्ट झाल्याच्या दोन कसोट्या आहेत: जखमेतून वाहणारे रक्त थांबले पाहिजे आणि जखमेच्या पुढच्या भागातील नाडी लागेनाशी झाली पाहिजे. अर्धवट आवळलेला टूर्निकेट न बांधण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो, कारण तो परतीच्या शिरा बंद करतो, धमनी मात्र सुरू राहते आणि रक्तस्राव वाढतो.

प्रत्यक्षात जखमी माणूस वेदनेने ओरडेल, ‘सोडा, सोडा’ म्हणेल. सरावातला नियम तेथे लागू होत नाही. हा फरक जोडीदाराला आणि स्वतःला बजावून ठेवा. त्याला सांगा, ‘दादा, दुखणार आहे, पण यानंच रक्त थांबतंय,’ आणि पट्टा सोडू नका. शेजारी वयस्क आई किंवा मावशी असतील तर त्याही दयेपोटी पट्टा सैल करायला पुढे येतात. एका माणसाला केवळ त्यांना धीर देण्यासाठी उभे करावे.

७. अडचणी मुद्दाम निर्माण करून सराव करा

टेबलावर जमलेले कौशल्य फडात टिकतेच असे नाही. हातांना साबणाचे पाणी लावून बांधा. रक्ताने हात इतकेच निसरडे होतात आणि बक्कलावरची पकड सुटते. दिवा मालवून केवळ चाचपून बांधा. पावसाळ्यात चिखल लागलेला वेल्क्रो नीट चिकटत नाही, म्हणून जुन्या सरावपट्ट्यावर ओली माती लावूनही एकदा अनुभव घ्या.

कपड्यांचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. ऊसतोडणीच्या किंवा द्राक्षबागेतल्या कामावर बहुतेक स्त्रिया साडीवर पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. नऊवारीच्या काष्ट्यावरून किंवा सहावारीच्या निऱ्यांवरून पट्टा बांधला तर कापडाचे थर आतून घसरतात, पट्टा घट्ट वाटतो आणि दाब मात्र मांडीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी कात्रीने कापड कापून उघड्या त्वचेवर बांधणे उत्तम. संकोच वाटत असेल तर आजूबाजूच्या स्त्रियांना आडोसा धरायला सांगावे, पण वेळ घालवू नये. पँटच्या खिशात मोबाइल, किल्ल्या, चुन्याची डबी असेल तर ती आधी काढावी, कारण त्यावरून आवळलेला पट्टा एका बाजूला उचलला जातो. दंडात ताईत किंवा काळा गंडा बांधलेला असेल तर तो कापावा. हाताला जखम असेल तर काचेच्या बांगड्या न फोडता काढता येतात का पाहावे आणि अंगठी तर लगेच काढावी. सूज आल्यावर ती निघत नाही.

सरावात एक प्रसंग असाही ठेवा की पहिला टूर्निकेट बांधूनही रक्त थांबत नाही. जाड मांडीला हे बऱ्याचदा होते. पहिला न सोडता त्याच्या लगत, शक्यतो हृदयाच्या बाजूला, दुसरा बांधायचा असतो.

८. बांधल्यानंतर काय करायचे, याचाही सराव करा

वेळ पट्टीवर लिहा आणि कपाळावर किंवा हातावरही लिहा, कारण पट्टी रक्ताने माखते. ‘दु. २:३५, उजवी मांडी’ इतके पुरे. टूर्निकेटवर चादर किंवा कापड झाकू नका. डॉक्टरांना तो पाहताक्षणी दिसला पाहिजे. मधूनच ‘थोडं रक्त जाऊ दे’ म्हणून पट्टा सैल करण्याची जुनी शिकवण सोडून द्या; तसे केल्याने रक्त थोडे थोडे करून जातच राहते. महाबळेश्वराच्या पायथ्याच्या कांदाटी खोऱ्यातून शिवसागर जलाशय ओलांडून यायचे असेल, किंवा पाटणच्या डोंगरी वाडीवरून उतरायचे असेल, तर दोन तास सहज उलटू शकतात. तरीही बंध सोडण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. तुमचे काम वेळ अचूक सांगण्याचे आहे.

जखमेवर माती, चुना, तंबाखू, चहापूड भरू देऊ नका. सांगली हळदीची मोठी पेठ असल्याने हळदीची चिमूट नव्हे, मूठच कोणीतरी घेऊन येतो; त्यालाही नम्रपणे थांबवा. धमनीच्या रक्तस्रावापुढे हळद टिकत नाही आणि शल्यचिकित्सकाला ती जखमेतून धुऊन काढावी लागते. जखमीला आडवे ठेवा, पांघरूण घालून ऊब द्या, पण पाणी किंवा चहा पाजू नका, कारण त्याला लवकरच भूल द्यावी लागणार असते.

कुट्टी यंत्रात बोटे किंवा पंजा तुटला असेल तर तुटलेला भाग शोधून ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेवा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात.

१०८ ला फोन करताना जागा कशी सांगायची, हेही आधी ठरवा. ‘माळावर’ किंवा ‘पाटलांच्या मळ्यात’ असे सांगितल्याने गाडी येत नाही. तालुका, गाव, जवळचा फाटा, साखर कारखाना किंवा देवळाची खूण सांगा आणि एका माणसाला दुचाकीवरून मुख्य रस्त्यावर उभे करा. आपल्या गावाहून कोणत्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय लवकर गाठता येते, हे अपघातापूर्वीच माहीत असावे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, असे दोन-तीन पर्याय प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर लिहून चिकटवा.

रस्ते अपघातात मदत केली तर पोलिसांच्या चौकशीत अडकू, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अशा मदतकर्त्याला संरक्षण देते. सद्भावनेने केलेल्या मदतीतून जखमीला काही झाले तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

९. टूर्निकेट जवळ नसेल तर

ही शेवटची सोय आहे, म्हणून ती शेवटीच शिकावी. तोपर्यंत थेट दाब सोडायचा नाही. एकाने दाबून धरावे आणि दुसऱ्याने साहित्य जमवावे. उपरणे, ओढणी किंवा त्रिकोणी पट्टी घडी घालून किमान चार सेंटिमीटर रुंद करावी, अवयवाभोवती दोन वेढे देऊन अर्धी गाठ मारावी, तिच्यावर मजबूत दांडी ठेवून वर पूर्ण गाठ मारावी, दांडी रक्त थांबेपर्यंत पिळावी आणि दुसऱ्या पट्टीने अवयवाला बांधून ती उलटी फिरणार नाही अशी करावी. कारखान्यात यासाठी मध्यम मापाचा रिंग पाना उत्तम. पेन, पेन्सिल आणि उसाचे कांडे पिळात पिचते. तार, सुतळी, नायलॉनची दोरी आणि बुटाची नाडी मांसात रुतते आणि नसांना इजा करते, पण धमनी बंद करील याची खात्री नाही. कमरेचा पट्टा चित्रपटात चालतो. प्रत्यक्षात त्याला पीळ देता येत नाही आणि तो हवा तेवढा आवळला जात नाही. दांडीशिवाय नुसते फडके बांधल्यानेही काम होत नाही.

१०. उजळणी आणि साठवण

हे कौशल्य काही महिन्यांत हातातून निसटते. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी हमखास, पाइप काढून उजळणी करावी. सरावाचा पट्टा वारंवार ताणल्याने कमजोर होतो, त्यामुळे तो प्रसंगाच्या पेटीत कधीही ठेवू नये. प्रसंगात वापरलेला पट्टाही धुऊन पुन्हा ठेवू नये. नव्या पट्ट्याचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढून, फास मोठा करून, टोक सहज सापडेल असे दुमडून, वेल्क्रोवर चिकटवून ठेवावा. ट्रॅक्टरच्या टपावर किंवा गाडीच्या काचेजवळ तो ठेवला तर उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. गोठ्यात ठेवायचा असेल तर उंदीर आणि ओल यांपासून वाचणाऱ्या डब्यात, कुट्टी यंत्राच्या शेजारच्या भिंतीवर, घरातल्या सर्वांत लहान कर्त्या माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगावा, आणि डब्याला कुलूप लावू नये.